जावयाला दिलेला भुसा

परसराम कापगतेने भुशात कोपरापर्यंत हात घातला, मूठभर वर काढला आणि नाकाशी नेला. चिन्नोर धानाचा वास त्यात अजून रेंगाळत होता. तरी त्याचं समाधान झालं नाही. त्याने सोमाजीला पुन्हा चाळायला लावलं.

"मालक, भुशाले किती चाळाचं?" सोमाजी म्हणाला. "लोक तांदूळ बी इतका चाळत नाई."

"तुले काय करा लागते? जवाईबापूचा माल हाये. त्यात खडा नाई पाह्यजे, कनी नाई पाह्यजे."

सोमाजीने तोंड फिरवून चाळणी हलवायला घेतली. तो या धानाच्या मिलमध्येच म्हातारा झाला होता. मालकाच्या तोंडी 'जवाईबापू' हा शब्द पूर्वी कसा यायचा आणि आता कसा येतो, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वी तो शब्द दातात अडकलेल्या सुपारीसारखा बाहेर पडायचा.

सानगडीत परसरामच्या लेखी दोनच जातींची माणसं राहत होती. एक, मिलमध्ये धान आणून घालणारी, दुसरी, बिनकामाची. मास्तर, पुढारी, भजनी मंडळ, पोष्टमन, सगळे दुसऱ्या रांगेत. आणि त्या रांगेच्या अगदी पुढे त्याने सख्ख्या जावयाला उभं केलं होतं. जीवन पुस्तोडे लाखनीच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचा. सोयरीक जुळली तेव्हा 'प्राध्यापक' या शब्दाला परसराम भुलला होता. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत त्याने जेवताना सहज विचारलं, की तुम्ही नेमकं करता काय, आणि जीवनने भाताचा घास हातात धरून सगळं सांगितलं. भुशाचा कोळसा करायचा. त्या कोळशाला डोळ्यांना न दिसणारी असंख्य भोकं पाडायची. त्यात नायट्रोजन बसवायचा. मग कारखान्याचा धूर त्यावरून नेला, की धुरातला कार्बन डायऑक्साइड कोळशाला येऊन चिकटतो, आभाळात जात नाही. कोळसा तापवला की तो वायू सोडून देतो आणि पुन्हा वापरायला मोकळा होतो.

"मंग त्या पकडलेल्या हवेचं का करता?" परसरामने विचारलं.

"साठवायची, मामाजी. जमिनीत खोल."

"म्हंजे हवा पकडाची अन् पुरून टाकाची."

जीवन हसला आणि पुढचा घास घेतला. परसरामच्या मनातून मात्र तो त्या दिवशी उतरला. दुसऱ्या दिवशी पानठेल्यावर त्याने जाहीर केलं, "आमचे जवाई हवा पकडते बापा. कोळसा उगाळून." कोळसा कितीही उगाळला तरी काळाच, हे सानगडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. पानठेला हसला. तेव्हापासून परसरामला दर दिवाळीला हसायला एक विषय झाला.

कापगत्यांच्या घरी रीत अशी, की जावई दारात आला की सासऱ्याने स्वतः तांब्या घेऊन त्याच्या पायांवर पाणी घालायचं. परसरामच्या बापाने घातलं, आज्याने घातलं. परसरामने पहिल्या वर्षी घातलं. हवा पकडण्याची गोष्ट ऐकल्यावर पुढच्या सणाला त्याने तांब्या बायकोच्या, तुळसाबाईच्या हाती दिला. त्याच्या पुढच्या सणाला ओसरीत भरलेली बादली ठेवली, ज्याला पाय धुवायचे त्याने धुवावेत. तुळसाबाई लाजेने अर्धी झाली. जीवनने वाकून बादलीतलं पाणी घेतलं, पाय धुतले, चपला नीट एका बाजूला ठेवल्या आणि आत येऊन विचारलं, "बरे आहात ना मामाजी?" असल्या माणसाला अपमान कळतच नाही, असं परसरामने ठरवून टाकलं. अपमान न कळणाऱ्या माणसाचा त्याला फार तिटकारा होता.

त्याच वर्षी जीवनने दोन पोती भुसा मागितला.

मिलच्या मागे परसरामचा गोठा होता. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, म्हशींच्या खाण्याला, आणि मिलचा भुसा त्यांच्या अंगाखाली. इतर लोक रोज सकाळी गोठा झाडतात. परसरामला ते मान्य नव्हतं. पावसाळा लागला की जुन्या भुशावर नवा भुसा, त्याच्यावर आणखी नवा, असा थरावर थर चढत जायचा. चार महिन्यांचं मूत त्यात मुरायचं, म्हशी त्यावर बसायच्या, उठायच्या. दिवाळीच्या तोंडावर एकदाच सगळा गोठा उपसून ते शेतात नेऊन टाकायचं. शेताला त्याच्यासारखं दुसरं खत नाही, असं तो म्हणायचा. रस्त्याने जाणारी माणसं त्या दिवसांत नाकाला धोतर लावून जायची, आणि तुळसाबाईचं व त्याचं वर्षातलं सगळ्यात मोठं भांडण त्यावरूनच व्हायचं.

जीवन आला तेव्हा ते दिवाळीआधीचेच दिवस होते. मिलमागे कोरड्या, सोन्यासारख्या भुशाचा डोंगर उभा होता. परसरामने सोमाजीला बाजूला घेतलं.

"कोठ्यातला भर. म्हशीखालचा."

"जवाई हायेत मालक."

"जाळाचाच हाये ना त्याईले? मंग चांगला कायले नासवाचा?" मग त्याला आणखी एक गंमत सुचली. "वरून दोन टोपले कोरडा टाक. उघडून पाह्यलं त बरं दिसन."

जीवनने दोन्ही पोती आपल्या जुन्या गाडीच्या डिकीत घातली, हात जोडले आणि गेला. परसराम गाडी वळणाआड जाईपर्यंत हात हलवत होता. मग आत जाऊन इतका हसला की त्याला ठसका लागला. तुळसाबाईने ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात पेपरात बातमी आली. सानगडीच्या भुशापासून केलेल्या कोळशाने धुरातला वायू इतका धरला होता, की मोठमोठ्या प्रयोगशाळांतले लोक चौकशी करू लागले होते. कॉलेजने सत्कार ठेवला. परसरामला मंचावर बसवलं, शाल दिली, नारळ दिला, आणि दोन शब्द बोलायला सांगितलं. तो उठला आणि म्हणाला, "गुन आमच्या सानगडीच्या धानाचा हाये." टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांमध्ये गोठा, म्हशी आणि वरचे दोन टोपले कुठल्या कुठे वाहून गेले. आपला झालेला अपमान माणूस मसणात जाईपर्यंत विसरत नाही. आपण केलेला मात्र शाल अंगावर पडेपर्यंतही लक्षात ठेवत नाही.

तेव्हापासून जावयाला भुसा जायचा तो चिन्नोरचा. सुगंधी तांदळाचा, तीनदा चाळलेला, नव्या पोत्यात शिवलेला. परसराम स्वतः उभा राहून भरून घ्यायचा. ज्या धानाचा सत्कार झाला, त्या धानाची अब्रू आता त्याची स्वतःची अब्रू झाली होती.

आणि तेव्हापासून जीवनचा कोळसा बसला तो बसलाच.

सोमाजीची चाळणी अर्ध्यावर आली असताना परसरामची लेक सरिता फाटकातून आत आली. साकोलीहून येणाऱ्या यष्टीतून उतरून ती थेट मिलवरच आली होती. घरी न जाता मुलगी मिलवर आली, म्हणजे काहीतरी बिनसलं आहे हे परसरामला कळलं. तिने चाळणीकडे पाहिलं, शिवलेल्या पोत्याकडे पाहिलं.

"बाबा, हा भुसा नका पाठवू."

"काहून? चिन्नोरचा हाये. वास घेऊन पाह्य."

"वास घेऊन काय करू? तीन वर्षं झाले, याचा कोळसा अर्धा बी पकडत नाई." ती पोत्यावरच बसली. "पुन्याहून दोन मोठे सायंटिस्ट येऊन राह्यले. समोर कोळसा करून दाखवा म्हनते. पहिल्यासारखा निघाला त ठीक. नाई त लिहून देतीन का पुस्तोडेनं आकडे घरी बसून बनवले."

सोमाजीची चाळणी थांबली.

"नोकरी जाईन?" परसरामने विचारलं.

"नोकरी जाऊ द्या. खोटा मानूस म्हनतीन त्याईले. कॉलेजात आताच म्हनून राह्यले. परवा एका बाईनं मले तोंडावर विचारलं, का सर आजकाल घरी आकडेच बनवते का म्हनून."

'मी म्हणत नव्हतो?' हे शब्द परसरामच्या ओठांवर आले होते. इतकी वर्षं पोसलेला तिरस्कार आयता खरा ठरत होता, लोकच त्याच्या मदतीला धावून आले होते. त्याने घसा साफ केला.

"बनवले बी असतीन आकडे. शिकलेल्या मानसाचं काय सांगता येते?"

सरिताने मान वर केली. ती चिडली नाही. तिने बापाकडे असं पाहिलं, की परसरामला उगाचच धोतराचा सोगा नीट करावा लागला.

"ते मानूस जेवून उठल्यावर पोळ्या किती खाल्ल्या हे बी खोटं सांगत नाई, बाबा."

परसरामने चाळणीतून एक खडा वेचून बाहेर टाकला.

"काही समजतच नाई," सरिता स्वतःशीच बोलल्यासारखी पुढे म्हणाली. "पहिल्या दोन पोत्यातल्या भुशात कोळसा कराच्या आधीच नायट्रोजन होता म्हनते. काडीकाडीत मुरलेला. धुतला तरी निघाला नाई. आता हे वरून युरिया टाकते, पन टाकलेला युरिया तसा आत मुरत नाई."

युरिया म्हटल्यावर परसरामची मान आपोआप वळली. शेतकऱ्याच्या पोटचा माणूस तो. युरिया दुकानात कोणत्या भावाने मिळतो आणि म्हशीच्या मागून फुकट कसा मिळतो, हे त्याला कुणी शिकवायला नको होतं. मिलच्या भिंतीपलीकडे त्याचा गोठा होता, पावसाळाभराचा थर घेऊन, उपसण्याची वाट पाहत. त्या बाजूने वारा आला. सोमाजीनेही तिकडेच पाहिलं आणि मग पटकन चाळणीत पाहिलं.

"दोनदा आले होते ते तुमच्याकडं," सरिता म्हणाली. "काही बोलले नाई?"

जीवन आला होता खरा. एकदा गेल्या दिवाळीच्या आधी, एकदा त्याच्या आदल्या वर्षी. दोन्ही वेळा चहा घेतला, पावसाचं बोलला आणि मग निघता निघता गोठ्याच्या दाराशी जाऊन उभा राहिला. "म्हशी बऱ्या आहेत ना मामाजी?" म्हणाला. थोडा वेळ थांबला. चपलेने खालची माती सारखी केली. परसरामला वाटलं, याला काहीतरी मागायचं आहे आणि मागायची हिंमत नाही. म्हशीकडे पाहून मागायचं, म्हणजे दूधच असणार. मास्तर माणसं अशीच फुकट्या वृत्तीची. त्याने दोन्ही वेळा तुळसाबाईकडून दुधाचा डबा भरून दिला होता, आणि जीवन तो डबा घेऊन मुकाट्याने गेला होता.

"नाई," परसराम म्हणाला. "काही नाई बोलले. तू घरी जा, माय वाट पाहून राह्यली असन."

ती संध्याकाळ परसरामने मिलच्या ओट्यावर बसून काढली. खरं सांगायचं तर मार्ग सोपा होता. सोमाजीला सांगायचं, गोठ्यातली दोन पोती भर आणि लाखनीला टाकून ये. पण मग लेक विचारणार, हा भुसा कसा काय सुचला? जावई विचारणार. आणि उत्तर एकच होतं. ज्या घरात जावयाच्या पायावर पाणी घालायची रीत, त्या घराने जावयाला म्हशीखालचं अंथरूण बांधून दिलं, वरून दोन टोपले कोरडं टाकून. ही गोष्ट सोयऱ्याधायऱ्यांत गेली असती, तर मेल्यावर परसरामच्या तेराव्याला लोक जेवता जेवता सांगत बसले असते. दुसरा मार्ग त्याहून सोपा होता. काहीच करायचं नाही. चिन्नोरचा भुसा पाठवायचा, पुण्याचे लोक येऊन जातील, जावई खोटारडा ठरेल. आणि परसरामला तो खोटारडा वाटतच होता की. अडचण इतकीच होती, की आता तो त्याला खोटारडा वाटत नव्हता. सगळ्या तालुक्यात जीवन पुस्तोडे खरा माणूस आहे हे शपथेवर सांगू शकेल असा एकच इसम होता, आणि तो या ओट्यावर बसला होता. परसरामला जावयाचा भयंकर राग आला.

सकाळी उजाडल्याबरोबर तो फावडं घेऊन गोठ्यात शिरला. तुळसाबाई दूध काढायला आली, तर मालक गुडघ्यापर्यंत धोतर खोचून खालचा थर उकरत होते. तिने बादली खाली ठेवली.

"काय करून राह्यले हे?"

"जवाईबापूसाठी भुसा."

"पुन्हा?" तुळसाबाईने फावड्याकडे पाहिलं. "पुन्हा तोच?"

"तोच पाह्यजे त्याईले."

तिने पदर नाकाला लावला आणि नवऱ्याकडे असं पाहिलं, जसं अंगात आलेल्या माणसाकडे पाहतात. परसरामने दोन पोती दाबून भरली, स्वतः शिवली आणि मिलच्या पिकअपमध्ये घातली. सोमाजी मदतीला आला तर त्याला हात लावू दिला नाही.

साकोली ओलांडून हायवेला लागल्यावर ट्रकांच्या रांगेमागे गाडी चालवताना त्याने काय बोलायचं ते पक्कं केलं. चूक सोमाजीची. नोकर माणूस, ऐकतो एक आणि करतो एक. कोरडा भर म्हटलं, त्याने गोठ्यातला भरला. काल दम दिला तेव्हा कबूल झाला. वाक्यं चांगली जमली. लाखनीला पोचेपर्यंत ती त्याला जवळजवळ खरीच वाटू लागली होती.

जीवन प्रयोगशाळेत एकटाच होता. लांबट नळीसारखी भट्टी, तिला जोडलेलं नायट्रोजनचं सिलिंडर, टेबलावर काळ्या भुकटीच्या छोट्या छोट्या डब्या. सासऱ्याला पोतं खांद्यावर घेऊन दारात उभं पाहून तो लगबगीने पुढे आला.

"मामाजी, तुमी कायले उचललं? मले आवाज द्याचा ना."

परसरामने पोतं खाली टाकलं आणि दम खात बोलायला सुरुवात केली. "हे पाहा जवाईबापू, चार वर्षांपहिले जे पोते देल्ले होते ना, त्यात आमच्या सोमाजीनं चुकून..."

जीवन खाली बसला होता. त्याने सुतळी उसवली, पोत्याचं तोंड उघडलं आणि आत हात घातला. वास सगळ्या खोलीत पसरला. जीवनने नाक मुरडलं नाही. त्याने ओलसर, काळपट भुसा बोटांत चुरून पाहिला आणि वर न पाहताच विचारलं,

"या खेपेले वरून कोरडा नाई टाकला?"

परसरामचं सोमाजीबद्दलचं वाक्य अर्धवटच राहिलं. बाहेर कुठेतरी वर्ग सुटला होता, मुलं जिन्यावरून उतरत होती.

"तुमाले माहीत होतं?"

"माह्या घरी बी म्हशी होत्या, मामाजी. मी कोठ्यातच अभ्यास केला हाये." जीवनने पोत्याचं तोंड पुन्हा मिटवलं. "पोतं उघडल्याबरोबर समजलं. फेकूनच देनार होतो. मंग म्हटलं, सासऱ्यानं देल्लं हाये, पाहू काय होते. धुतलं, वाळवलं, भट्टीत टाकलं."

"मंग पुन्हा मांगितला काहून नाई? दोनदा त येऊन गेले तुमी."

"मागालेच आलो होतो." जीवन उठला, नळाशी गेला आणि साबण लावून हात धुवायला लागला. "त्याच्या आधी इथले लोकाईचे कोठे पाहून घेतले. सगळे रोज झाडते. तुमच्यासारखा चार महिने कोनीच ठेवत नाई. तुमच्याच दारात या लागलं. पन म्हनू काय? 'मामाजी, तो म्हशीखालचा द्या' म्हटलं, त तुमाले समजलं असतं ना, का मले माहीत हाये. तुमची मान खाली गेली असती."

"अन् इथं तुमची जाऊन राह्यली होती, त?"

जीवनने नळ बंद केला. रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"माही त दर दिवाळीले तुमच्या ओसरीत खालीच असते," तो म्हणाला. "बादली खाली असते ना."

तो हे रागाने बोलला नाही. पोराला गणित समजावून सांगताना जो आवाज लागतो, त्या आवाजात बोलला. मग त्याने परसरामला खुर्ची दिली, शिपायाला चहा आणायला सांगितलं आणि दुसरं पोतं आणायला स्वतः खाली गेला. परसराम खुर्चीत बसून राहिला. आपण आयुष्यभर लोकांना तुच्छ मानत आलो याचा त्याला छुपा अभिमान होता. पण आपण ज्याच्याकडे वरून पाहत होतो, तो इतकी वर्षं आपल्या पंगतीला बसून, आपल्या हातचा भात खाऊन, आपल्याकडे बघत होता, ही गोष्ट त्याला गिळता येईना. चहा आला तो त्याने तसाच थंड होऊ दिला.

पुण्याचे लोक आले. भुसा त्यांच्यासमोर धुतला गेला, वाळला, भट्टीत गेला, काळा होऊन बाहेर आला. दुसऱ्या दिवशी यंत्राने आकडा दाखवला, तो पहिल्या आकड्यापेक्षा थोडा जास्तच होता. प्राचार्य, जे गेले काही महिने जीवनला पाहून दुसऱ्या दाराने जात होते, त्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारली. परसरामलाही बोलावून घेतलेलं होतं. तो भिंतीला लागून उभा होता.

पुण्याच्या पाहुण्यांतल्या बाई वयाने मोठ्या आणि नजरेने कडक होत्या. त्यांनी डबी हातात घेऊन विचारलं, "मधली तीन वर्षं हे का जमलं नाही?"

"भुसा वेगळा होता," जीवन म्हणाला. "पहिला आणि हा, दोन्ही माझ्या सासऱ्यांच्या गोठ्यातले. पावसाळाभर म्हशींखाली राहिलेले. मूत आतपर्यंत मुरतं, नायट्रोजन आणि क्षार दोन्ही घेऊन. मी शोधनिबंधात फक्त 'मिलमधला भुसा' असं लिहिलं. ती चूक माझी आहे." त्याने टेबलावरच्या डब्या एका ओळीत लावल्या. "सासऱ्यांनी मात्र पहिल्याच दिवशी मला मुद्दाम तोच निवडून दिला होता. बाजूला कोरड्याचा ढीग होता, तरी."

सगळ्यांच्या माना परसरामकडे वळल्या. बाईंनी चष्मा काढला आणि हात जोडले.

"कमाल आहे हो. तुम्हाला हे सुचलं कसं?"

परसरामने जीवनच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे हसू नव्हतं, राग नव्हता, काहीच नव्हतं. जावयाने सासऱ्याचा मान राखावा तसा त्याने भरसभेत राखला होता, आणि त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. चार लोकांत नाही म्हणावं, तर सगळंच सांगावं लागलं असतं.

"जवाई होते," तो शेवटी म्हणाला. "म्हनून देल्ला."

लोकांना ते फार आवडलं. टाळ्या झाल्या. कुणीतरी फोटो काढला. प्राचार्यांनी कपाटातून शाल मागवली, आणि ती अंगावर पडताना परसरामने डोळे मिटून घेतले.

त्या दिवाळीला सरिता आणि जीवन संध्याकाळच्या आत सानगडीला पोचले. तुळसाबाईने ओसरीत नेहमीच्या जागी बादली भरून ठेवली होती. गाडीचा आवाज आला तसा परसराम आतून उठून आला. त्याने बादली उचलून तुळशीपाशी नेऊन ठेवली. मग फडताळातला पितळी तांब्या काढला, तो चिंचेने घासून ठेवलेला होता, आणि पाणी भरून पायरीवर येऊन उभा राहिला. सरिता थबकली. तुळसाबाई दारातच थांबली.

"राहू द्या मामाजी," जीवन म्हणाला.

पण त्याने पाय मागे घेतला नाही. चपला काढून नीट एका बाजूला ठेवल्या, विजार वर घेतली आणि उजवा पाय पुढे केला. परसराम वाकला. कंबर कुरकुरली. त्याने टाचेपासून बोटांपर्यंत हळूहळू पाणी घातलं.

जीवनने मिलच्या मागच्या बाजूला पाहिलं.

"कोठा उपसला नाई ना अजून?"

"नाई," परसराम खालीच पाहत म्हणाला. "तुमच्यासाठी राखून ठेवला हाये."

"बरं केलं."

सरिताने पदर तोंडाला लावला. वासामुळे की कशामुळे, ते कळलं नाही. परसरामने तांब्या सावरला आणि वाकलेलाच राहिला. जीवनने दुसरा पाय पुढे करायची काही घाई केली नाही.